डेस्कटॉप शांत करण्यासाठी वॉटर कूलिंग: पंप, रेडिएटर, फॅन यांचा नेमका हिशोब

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

झरोका

मंडळी, मशीन असं आहे: रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर (सीपीयू), आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, फ्रॅक्टल डिफाइन ७ कॅबिनेट, ८५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगचं आणि व्हॉइस रेकॉर्डिंगचं, दोन्ही एकाच खोलीत. गाव नागपूर. मे महिन्यात खोली ३५-३६ अंशांवर असते. सीपीयूवर दोन फॅनचा मोठा एअर कूलर आहे, त्याचा त्रास नाही. पण रेंडर सुरू झालं की ग्राफिक्स कार्डाचे तिन्ही फॅन १९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जातात आणि तो आवाज थेट माइकमध्ये येतो. ३६० चा एआयओ (तीन १२० मिमी फॅनचा तयार, बंद वॉटर कूलर) घ्यावा की कस्टम लूप (सुटे भाग जोडून केलेली पाण्याची साखळी) करावा? मला फक्त आवाज कमी हवा आहे, तापमान चार अंश इकडेतिकडे झालं तरी चालेल.

तांबट

सीपीयूचा एआयओ घेऊ नका. तुमचा सीपीयू आत्ताच शांत आहे. एआयओ लावलात तर तिथे एक पंप वाढेल आणि ग्राफिक्स कार्डाचा गोंगाट जसाच्या तसा राहील. १००-१५० वॅटच्या सीपीयूसाठी चांगला एअर कूलर बहुतेक वेळा एआयओपेक्षा शांत असतो, कारण मशीन रिकामं बसलेलं असताना फॅन मंदावतो, पंप मात्र चालूच राहतो.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही. कार्डाचे ३२० वॅट पाण्यात गेले की ३२० वॅट खोलीत यायलाच हवेत, आणि ते शेवटी फॅननेच बाहेर टाकायचे आहेत. पाण्याचा फायदा एवढाच, की कार्डावरच्या चिंचोळ्या जागेतली उष्णता उचलून ती कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर नेता येते. पृष्ठभाग मोठा झाला की फॅन सावकाश फिरवता येतात.

फॅनचा वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. फॅनची संख्या दुप्पट केली तर तो जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे सहा फॅन ७०० आरपीएमवर फिरणं हे तीन फॅन १४०० वर फिरण्यापेक्षा कितीतरी शांत. कस्टम लूप करायचं खरं कारण हेच.

आता रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेला देणारा पातींचा भाग) किती लागेल ते पाहू. १२० मिमीचा फॅन ७०० आरपीएमवर रेडिएटरमधून साधारण १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ढकलतो असं धरा. एवढी हवा एका अंशाने तापवायला आठ-साडेआठ वॅट लागतात. पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम असेल आणि हवा त्यातले सात अंश उचलून बाहेर पडत असेल, तर एका फॅनमागे ६० वॅट निघतात, त्याहून जास्त नाही. 'दर १२० मिमीला १०० वॅट' हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो १५००-१८०० आरपीएमवर खरा ठरतो. शांत मशीनचा हिशोब ६० नेच करा.

३२० भागिले ६० म्हणजे पाचहून थोडे जास्त फॅन, थोडक्यात ३६० चे दोन रेडिएटर. डिफाइन ७ मध्ये एक पुढे आणि एक वर बसतो.

मंदवारा

तांबट यांचा ६० वॅटचा आकडा मला पटतो, पण दोन रेडिएटरांची सरळ बेरीज करता येणार नाही. पुढचा रेडिएटर बाहेरची हवा आत ओढणार. ती हवा पाच-सहा अंशांनी तापून कॅबिनेटमध्ये येणार, वर सीपीयूची उष्णता त्यात मिसळणार, आणि मग ती वरच्या रेडिएटरला मिळणार. म्हणून वरचा रेडिएटर प्रत्यक्षात निम्म्याच कामाचा.

आणि ब्लॉकवर (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) खर्च करण्याआधी ३२० वॅटच कमी करा. यात एक पैसा जात नाही. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणलं की ३०८० थेट २५६ वॅटवर येतं. रेंडरचा वेळ थोडा वाढतो, २० टक्के नक्कीच नाही. व्होल्टेज-फ्रीक्वेन्सीचा कर्व्ह हाताने बसवून ०.८५ व्होल्टच्या आसपास स्थिर मिळालं तर आणखी चांगलं. पण प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळे एक लांबलचक सीन पूर्ण रेंडर करून तपासल्याशिवाय ती सेटिंग पक्की मानू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे कार्डाचं प्लास्टिकचं आवरण आणि मूळ फॅन काढून हीटसिंकवर २५ मिमी जाडीचे दोन १२० मिमी फॅन बांधणं. कार्डाच्या छोट्या फॅन-सॉकेटमधून पीडब्ल्यूएम (फॅनचा वेग ठरवणारा) सिग्नल घेणारी अडॅप्टर केबल मिळते. अशा फॅनना १०००-११०० आरपीएम पुरतात. काही जणांचं काम इथेच भागतं. मात्र कार्ड अडीच-तीन स्लॉटऐवजी चार स्लॉट अडवतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

झरोका

पॉवर लिमिट ८० टक्के करून पाहिलं. कार्डाचे फॅन १५०० वर आले. फरक चांगलाच आहे, पण माइक अजून पकडतोय. आवरण काढण्यापेक्षा लूपच करावा असं वाटतंय. मग सीपीयूसुद्धा लूपमध्ये घ्यावा का?

तांबट

मंदवारा, तुमची दुरुस्ती बरोबर आहे. नवा हिशोब असा. कार्ड २५६ वॅटवर, सहा फॅन ७०० आरपीएमवर, वरच्या रेडिएटरला सात अंश तापलेली हवा. यात पाणी खोलीपेक्षा साधारण ११ अंश वर जाऊन थांबतं. मे महिन्यात ३६ अधिक ११ म्हणजे ४७. डी५ जातीच्या पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे, त्यामुळे पंप सुरक्षित. कार्डाचा कोअर (मुख्य चिप) पाण्याच्या वर दहा-बारा अंश धरा, म्हणजे ५७-५९.

झरोका, सीपीयू हवेवरच राहू द्या. ब्लॉक एक कमी, फिटिंग दोन कमी, गळतीच्या जागा दोन कमी. फक्त एक काळजी घ्या: कॅबिनेटमध्ये आता पुढच्या रेडिएटरमधून तापून आलेली हवा असेल. ५९००एक्सची कमाल मर्यादा ९० अंश आहे आणि पूर्ण १४२ वॅटवर तो मे महिन्यात तिथे टेकेल. बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लावा. त्याने प्रत्यक्ष वापर ८८ वॅटवर अडतो आणि ग्राफिक्स कार्डावर रेंडर करणाऱ्याला फरक जाणवत नाही.

डिफाइन ७ बरोबर वरचं बंद झाकण आणि जाळीचं झाकण दोन्ही येतात. जाळीचंच लावा. पुढचं दार बंद असलं की हवा कडेच्या फटींतून येते. रेंडर करताना ते उघडून पाहा आणि पाण्याचं तापमान दोन्ही प्रकारे नोंदवा.

सुतळी

सामानाची यादी देतो. फक्त ग्राफिक्स कार्डाच्या लूपसाठी:

ब्लॉक कार्डाच्या नेमक्या मॉडेलचाच घ्यावा लागतो. '३०८० चा ब्लॉक' असा कुठलाही चालत नाही. कंपन्या पीसीबी (कार्डाचा सर्किट बोर्ड) बदलतात आणि एकाच नावाच्या कार्डाच्या दोन आवृत्त्यांमध्येही फरक असतो. ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत आपलं कार्ड पूर्ण नावानिशी शोधा.

दोन ३६० रेडिएटर, तांब्याचे किंवा पितळेचे, जाडी ३० मिमीच्या आसपास, पाती विरळ, म्हणजे इंचाला १० ते १२. दाट पातीचा रेडिएटर वेगवान फॅनबरोबर उत्तम चालतो, ७०० आरपीएमवर त्यातून हवाच नीट जात नाही.

डी५ पंप आणि टाकी एकत्र असलेलं युनिट. १६/१० मिमीची काळी ईपीडीएम रबराची ट्यूब २ मीटर. जी-पाव (समांतर आट्यांच्या पाव इंची) मापाची १६/१० कॉम्प्रेशन फिटिंग ८: ब्लॉकला २, रेडिएटरांना ४, पंपाला २. सर्वांत खालच्या जागेसाठी एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, एक प्लग आणि टीच्या दोन बाजूंना आणखी २ फिटिंग. पाण्याच्या तापमानाचा १० किलोओहमचा सेन्सर. लूपमध्ये साधारण एक लिटर मावेल. त्याखेरीज धुण्यासाठी पाच लिटर डिस्टिल्ड पाणी वेगळं.

तीन चुका नेहमी होतात. पहिली, तांबं आणि ॲल्युमिनियम एका लूपमध्ये येतात. स्वस्त रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गंज ब्लॉकच्या बारीक चरांत बसते. दुसरी, नळजोडणीच्या दुकानातलं पाव इंची फिटिंग वापरणं. त्याचे आटे बहुधा निमुळते असतात, ते टेफ्लॉन टेप लावून आवळले की ॲक्रिलिकची टाकी तडकते. इथले आटे समांतर आहेत, पाणी अडवतो तो ओ-रिंग. फिटिंग हातानेच आवळायचं, ओ-रिंग दबली की थांबायचं, पाना लावायचा नाही. तिसरी, थर्मल पॅडची (उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी. ब्लॉकच्या माहितीपत्रकात मेमरीसाठी आणि व्हीआरएमसाठी (चिपचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागासाठी) वेगळी जाडी दिलेली असते. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी ब्लॉक कोअरवर टेकत नाही, आणि पाणी ३५ अंश असताना कोअर ९० दाखवतो.

पारदर्शक पीव्हीसी ट्यूब घेऊ नका. काही महिन्यांत तिच्यातला प्लास्टिसायझर सुटून पाण्यात येतो, ट्यूब धुरकट होते आणि ब्लॉक चिकट थराने भरतो. ईपीडीएममध्ये तो नसतो, आणि रबर पंपाची थरथरही गिळतं. कडक ॲक्रिलिक नळ्या दिसायला सुंदर असतात, पण तीच थरथर सरळ रेडिएटरपर्यंत आणि तिथून पत्र्यापर्यंत पोचवतात.

अनुनाद

सुतळींनी थरथरीचा विषय काढलाच आहे. शांत लूपमध्ये फॅन मंदावले की कानावर येतो तो पंप, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात.

डी५ चा पल्ला १८०० ते ४८०० आरपीएम. तो पूर्ण वेगाने चालवायचं काहीच कारण नाही. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते एका अंशाला ७० वॅट उचलतं. २५६ वॅटला ब्लॉकच्या आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांत ३.७ अंशांचा फरक पडतो. प्रवाह दुप्पट केलात तर तो फरक १.८ होईल, म्हणजे कोअरवर एखाद-दीड अंश वाचेल, आणि त्यासाठी पंप दुप्पट ओरडेल. १८०० ते २४०० च्या मध्ये कुठेतरी ठेवा. डीडीसी जातीचा पंप लहान आहे, दाब जास्त देतो, पण आवाज उंच सुराचा. रेकॉर्डिंगच्या खोलीत डी५ च घ्या.

पंप पत्र्याला स्क्रूने थेट आवळू नका. खाली १०-१५ मिमी मऊ फोम किंवा रबरी बुचं, आणि स्क्रू असलाच तर तोही रबरी वॉशरमधून. ट्यूब पत्र्याला किंवा काचेला टेकता कामा नये, कारण टेकली तर अख्खं पॅनल ध्वनिफलक होतं. मग १०० रुपयांच्या फोमने जे साधतं ते पंप बदलून साधत नाही.

आता फॅन. प्रत्येक फॅन-रेडिएटर जोडीला स्वतःचा गुणगुणण्याचा आरपीएम असतो. ५०० पासून ११०० पर्यंत ५०-५० ने वाढवत जा, प्रत्येक पायरीवर २० सेकंद थांबा, फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप लावा. फोनचे डेसिबल खरे नसतात, पण सुराची उभी रेघ बरोबर दिसते. जिथे रेघ उठते तो पट्टा फॅन कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या आलेखात) ओलांडून जायचा, तिथे थांबायचं नाही. शिवाय सहा फॅन अगदी एकाच वेगाने फिरत नाहीत. ७०० आणि ७०४ असले की हेलकावे खाणारी घूं-घूं ऐकू येते. एका रेडिएटरचे फॅन ६८० वर आणि दुसऱ्याचे ७४० वर ठेवले की ती मोडते.

मंद फॅन घेताना कमाल वेगाचा नाही, सगळ्यांत खालच्या वेगाचा विचार करा. आर्क्टिक पी१२ चा पीडब्ल्यूएम प्रकार २०० आरपीएमपर्यंत खाली येतो आणि १८०० पर्यंत जातो. नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ महाग आहे, पण रेडिएटरवर त्याचा सूर अधिक सपाट आहे. मायक्रोफोनसमोर मी तोच निवडेन.

झरोका

फॅनचा कर्व्ह जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) तापमानावर लावायचा ना?

अनुनाद

नाही, पाण्याच्या तापमानावर. कोअर दोन सेकंदांत १५ अंश उडी मारतो आणि त्याच्यामागे फॅन सारखे वर-खाली होतात. असा बदलता आवाज स्थिर आवाजापेक्षा कानाला जास्त खुपतो. पाणी सावकाश तापतं. एक लिटर पाणी २०० वॅटने एक अंश तापायला २१ सेकंद लागतात, आणि तेही रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही तर. छोटी रेंडर संपूनही जाते, फॅन जागचे हलत नाहीत.

नागपूरला मात्र नुसतं पाण्याचं तापमान पुरणार नाही. डिसेंबरात खोली २० अंश, मे मध्ये ३६. '४० अंशांला फॅन ९००' असं लिहिलं तर हिवाळ्यात फॅन कधीच वाढणार नाहीत आणि उन्हाळ्यात मशीन रिकामं असतानाही घोंघावतील. म्हणून दोन सेन्सर लावा, एक पाण्यात आणि एक पुढच्या रेडिएटरच्या तोंडाशी हवेत, आणि त्यांच्या फरकावर कर्व्ह बांधा. फरक ५ पर्यंत ५०० आरपीएम, १० ला ७००, १४ ला ९५०, १८ ला १३००. विंडोजवर फॅनकंट्रोल या सॉफ्टवेअरमध्ये दोन सेन्सरांची वजाबाकी करणारा तिसरा सेन्सर बनवता येतो. मदरबोर्डवर दोन पिनांचं तापमानाचं हेडर (तार जोडायची जागा) आहे का बघा. नसेल तर ॲक्वाकॉम्प्युटरचा क्वाड्रो हा फॅन-नियंत्रक घ्या, त्यात चार फॅन-वाहिन्या आणि चार सेन्सर लागतात. लिनक्सवर तो कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये दिसतो.

फरक कितीही असला तरी पाणी ५५ अंशांला पोचलं की फॅन पूर्ण वेगात आणि मशीन बंद, एवढी अट वेगळी ठेवा. पंपाचा आरपीएम शून्य दिसला तरी तेच.

सुतळी

वायरिंगचं एक. डी५ ची वीज एसएमपीएसच्या सॅटा किंवा मोलेक्समधून घ्या, मदरबोर्डवर फक्त पीडब्ल्यूएम आणि वेगाची तार जाऊ द्या. साधं फॅन हेडर १ अँपिअर देतं, म्हणजे १२ वॅट. डी५ पूर्ण वेगाने त्याच्या जवळपास दुप्पट ओढतो. पीडब्ल्यूएम तार सुटली तर काही पंप पूर्ण वेगाने पळतात, काही मधल्या वेगावर थांबतात. आपला कोणता ते आधीच तपासून घ्या.

झरोका

पाणी कोणतं? घरी आरओ आहे.

तांबट

आरओ नको. त्या पाण्यात क्षार उरतात, टीडीएस मीटर सहज ३०-१०० दाखवतो. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड हवं, मीटरवर ० ते २. बॅटरीच्या दुकानात जे 'बॅटरीचं पाणी' मिळतं ते मोजून चालेल. पण तिथेच तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं, लेबल वाचून घ्या.

नुसतं डिस्टिल्डही पुरत नाही. शेवाळ धरतं आणि तांबं काळवंडतं. गंजरोधक आणि जंतुनाशक असलेलं तयार द्रावण घ्या, रंगहीन. रंगाचे कण असलेली अपारदर्शक द्रावणं ब्लॉकमध्ये साचतात. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकबरोबर चांदीची तार टाकायची जुनी पद्धत टाळा, मुलामा उडतो. आणि ॲक्रिलिकची टाकी आयसोप्रोपिलने कधीही पुसू नका, दिसत नाहीत अशा भेगा पडतात आणि काही दिवसांनी ती उकलते.

कोकणातले वाचक विचारतील म्हणून आधीच सांगतो: दमटपणाने ट्यूबवर दव धरत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. टाकीत बर्फ टाकला तरच तो प्रश्न येतो. नागपूरचा डेझर्ट कूलर खोली थंड करतो म्हणून फायद्याचाच, फक्त त्याच्या झोतात थेट मशीन ठेवू नका. तुषार येतात, आणि त्या पाण्यातले क्षार पातींवर पांढरे जमतात.

सुतळी

जोडणीचा क्रम. नवे रेडिएटर आधी धुवा, आत सोल्डरिंगचं फ्लक्स असतं. गरम डिस्टिल्ड पाणी निम्मं भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून दोन मिनिटं हलवायचं, ओतायचं, पाणी नितळ येईपर्यंत. चार-पाच वेळा लागतात.

ट्यूब कटरनेच कापा, काप काटकोनात हवा. तिरका काप फिटिंगच्या तळाशी टेकत नाही आणि आठवड्याने थेंब देतो.

पाणी भरण्याआधी हवेने तपासा. हातपंपाचा लीक टेस्टर टाकीवर लावून ०.४ ते ०.५ बार दाब द्या, पण टाकीची मर्यादा आधी वाचा. अर्ध्या तासात काटा हलला नाही तर पाणी भरा. टेस्टर नसेल तर पाण्यानेच तपासायचं, पण तेव्हा मदरबोर्ड, सीपीयू, ग्राफिक्स यांच्या सगळ्या केबल काढलेल्या हव्यात. एसएमपीएसच्या २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार, म्हणजे १६ वी पिन, शेजारच्या काळ्याला जोडली की फक्त पंपाला वीज मिळते. काही एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, तिथे रंगावर जाऊ नका, पिन मोजा. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर घाला आणि २४ तास चालू ठेवा.

पंप क्षणभरही कोरडा फिरवू नका, त्याच्या बेअरिंगचं वंगण ते पाणीच आहे. टाकी भरा, पाच सेकंद पंप चालवा, पातळी उतरली की बंद, पुन्हा भरा. मग कॅबिनेट चारही बाजूंना ३०-४० अंश कलवत पंप पूर्ण वेगात ठेवा, हवा निघते. रेडिएटरमधून खुळखुळ येते ती अडकलेल्या हवेची. दोन-तीन दिवसांत ती जाते. टाकीत भोवरा दिसत असेल तर पातळी कमी आहे, पंप हवा ओढतोय.

झरोका

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. हे झाल्यावर कार्डाचा तो चिरका आवाज जाईल का? रेंडर करताना बारीक किंचाळल्यासारखा येतो.

मंदवारा

तो कॉइलचा आवाज आहे आणि पाण्याने जात नाही. उलट फॅन गप्प झाल्यावर जास्त जाणवतो. वीज कमी केली की तो उतरतो, तुमचं ८० टक्के लिमिट इथेही कामी येईल. मेमरी आणि व्हीआरएमवरचे पॅड नीट दाबले गेले तर थोडा बसतोही, पण त्याची खात्री नाही. उरलेल्यासाठी मशीन माइकच्या मागच्या बाजूला ठेवा. कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो, आणि उंच सुराचा आवाज टेबलाच्या आड सहज अडतो.

एसएमपीएसचा फॅन हलक्या भाराला बंद राहणारा आहे का तेही बघा. ८५० वॅटच्या युनिटवर साडेतीनशे वॅट म्हणजे ४० टक्के. बरेच अर्ध-पॅसिव्ह एसएमपीएस त्याच सुमारास फॅन चालू-बंद करत बसतात. तसं होत असेल तर मागचं बटण दाबून तो कायम मंद फिरता ठेवा. हार्ड डिस्क असेल तर ती रबरी ग्रोमेटवर.

सुतळी

आणि टी-व्हॉल्व्ह खरोखर सर्वांत खालच्या जागीच लावा, पंपाच्या बाहेरच्या तोंडाजवळ. दर सहा महिन्यांनी पातळी बघायची, दोन वर्षांत द्रावण बदलायचं, तेव्हा वरचा प्लग उघडून खालून पाणी सोडता आलं पाहिजे. नागपूरच्या धुळीत पुढची जाळी महिन्यातून एकदा धुवा. रेडिएटरवर ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ती वेगात फिरून बेअरिंग खराब होतं, आणि मग तो फॅन मंद वेगाला कायमचा टिकटिकतो.